पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय?

डासांविषयीची पत्रं पावसाळ्यात नेहमीच येतात. या वेळी मात्र तीन पत्रं डासांच्या नोंदींविषयी आली आणि ती वाचून मला फार बरं वाटलं. नोंदीबद्दल कुणी आपणहून विचारत नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार मॅडम. मी हिवताप विभागात माहिती भरण्याचं काम करते. आमच्याकडे आता ‘निर्णय साहाय्य प्रणाली’, म्हणजे नोंदींवरून कुठे काय करावं हे सुचवणारी संगणक प्रणाली, येणार आहे. तिच्या मुळाशी ‘ऑन्टॉलॉजी’ असते आणि त्यासाठी जुने सगळे तक्ते पुन्हा लावून द्यावे लागतील, असं प्रशिक्षणात सांगितलं. आमचे एक्सेलचे तक्ते व्यवस्थित आहेत, शब्दांच्या याद्याही ठरलेल्या आहेत. मग हा उपद्व्याप कशासाठी?

उत्तर : तुमचा वैताग मला कळतो. तुमच्यासारख्याच खुर्चीवर मी सहा वर्षं बसले आहे. एक करा. तुमच्या तक्त्यांत ‘पॉझिटिव्ह’ नावाचा रकाना किती ठिकाणी आहे, ते मोजा.

आमच्याकडे तो तीन ठिकाणी होता. रक्ततपासणीच्या तक्त्यात पॉझिटिव्ह म्हणजे रुग्ण. घर सर्वेक्षणात पॉझिटिव्ह म्हणजे जिथे डासांच्या अळ्या सापडल्या ते घर. भांड्यांच्या तक्त्यात पॉझिटिव्ह म्हणजे अळ्या असलेलं पिंप, टायर, कुंडीखालची ताटली. तिघांचंही स्पेलिंग अचूक, तिन्ही याद्या व्यवस्थित. एका शनिवारी वरून घाईने एकत्रित तक्ता मागवला गेला. कुणीतरी रकान्याचं नाव जुळवून तिन्ही तक्ते जोडले आणि एका गल्लीपुढे ‘पॉझिटिव्ह : ९’ असा आकडा आला. धुराची गाडी तिकडे गेली. त्या गल्लीत तापाचा एकही रुग्ण नव्हता. नऊ पिंपांत अळ्या होत्या, आणि अळ्या धुराने मरत नाहीत. खरे रुग्ण होते त्या वस्तीत गाडी तीन दिवस उशिरा पोहोचली. त्या तक्त्यात चुकीची नोंद एकही नव्हती, हे मला आजही टोचतं.

ठरलेल्या यादीने लिहिण्यातला फरक मिटतो, अर्थातला मिटत नाही. ‘अळी’ म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे बोंड पोखरणारी अळी येते, आपल्यापुढे पाण्यात वळवळणारी. ‘ताप’ हे आजाराचं लक्षण, आणि ‘डोक्याला ताप’ हे वेगळंच प्रकरण. आपण माणसं संदर्भावरून लगेच समजतो. संगणकाला संदर्भ कुणीतरी लिहून द्यावा लागतो, आणि तो लिहून देण्याची शिस्तबद्ध पद्धत म्हणजे ऑन्टॉलॉजी. तिच्यात प्रत्येक कल्पनेला स्वतःचा क्रमांक असतो, व्याख्या असते, तिची इतर नावं असतात आणि बाकीच्या कल्पनांशी तिचं नातं काय, हेही असतं. ‘अळ्या असलेलं भांडं’ आणि ‘विषाणू सापडलेला रुग्ण’ यांना तिथे दोन वेगळे क्रमांक मिळतात. मग त्यांची बेरीज करायला कुणी सांगितलं, तर यंत्र अडतं.

इतर नावांचं महत्त्व कमी समजू नका. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्ती डासाला काही तज्ज्ञांनी २००४ मध्ये स्टेगोमाया या वेगळ्या वंशात टाकलं. त्यानंतर काही वर्षं त्याच डासाबद्दल दोन नावांनी लेख छापून येत राहिले. नावावरून शोधणाऱ्याच्या हातातून काही लेख निसटतात. क्रमांकावरून शोधणाऱ्याला दोन्ही नावांचे सापडतात.

व्याख्या तर कालांतराने बदलतातही. डास कीटकनाशकाला दाद देईनासे झालेत का, हे पाहण्यासाठी ते एक तास औषधाच्या कागदाशी ठेवतात आणि २४ तासांनी किती मेले ते मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८च्या निकषाप्रमाणे ८० टक्क्यांहून कमी मेले, तरच प्रतिकार पक्का मानत. २०१३ मध्ये ती रेघ ९० टक्क्यांवर नेली. म्हणजे ८५ टक्के डास मेले, तर २००५च्या अहवालात ‘पुन्हा तपासा’ आणि २०१५च्या अहवालात ‘प्रतिकारक’. तुमच्या तक्त्यात नुसता ‘प्रतिकार : आहे / नाही’ असा रकाना असेल, तर दहा वर्षांत डास बदलले की निकष, हे कुणालाच सांगता येणार नाही. मूळ टक्केवारी आणि निकषाचं वर्ष दोन्ही ठेवा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता नात्यांबद्दल, कारण प्रणालीला खरी अक्कल तिथून येते. तुमच्या कीटकनाशकांच्या यादीत डेल्टामेथ्रिन आहे, परमेथ्रिन आहे, डीडीटी आहे. यादीला ते तीन शब्द. ऑन्टॉलॉजीत मात्र लिहिलेलं असतं, की पहिली दोन पायरेथ्रॉइड कुळातली, डीडीटी दुसऱ्या कुळातलं, पण तिन्ही डासाच्या मज्जापेशीतल्या त्याच सोडियम मार्गावर घाव घालतात. त्या मार्गात विशिष्ट जनुकीय बदल झालेले डास सापडले, की प्रणाली तिन्ही औषधांपुढे सावधानतेची खूण करते. ‘परमेथ्रिन चालत नाही ना, मग डेल्टामेथ्रिन आणा’ असं म्हणणाऱ्याला ती वेळेवर थांबवू शकते. मॅलॅथिऑन या आणखी एका कीटकनाशकापुढे ती खूण येत नाही, कारण त्याचा मारा वेगळ्या ठिकाणी असतो. त्याच्या प्रतिकाराची चाचणी अर्थात वेगळी करावीच लागते.

हे सगळं तुम्हाला शून्यापासून उभं करायचं नाही. डासांच्या कीटकनाशक-प्रतिकारासाठी मायरो, हिवतापासाठी आयडोमाल आणि डेंग्यूसाठी आयडोडेन या ऑन्टॉलॉजी संशोधकांनी तयार करून सर्वांना खुल्या केलेल्या आहेत. तुमचं काम आपल्या रकान्यांना त्यातले योग्य क्रमांक जोडण्याचं. जुना शब्द खोडू नका, शेजारी क्रमांक लिहा. आणि जिथे अर्थ तंतोतंत जुळत नाही, तिथे ‘तोच’ न लिहिता ‘जवळचा’ असं लिहा. डेंग्यूचंच बघा : १९९७च्या वर्गीकरणात ‘रक्तस्रावी डेंग्यू’ होता, २००९च्या वर्गीकरणात ‘गंभीर डेंग्यू’ आला. दोन्हींत बसणारे रुग्ण पुष्कळ असले, तरी सगळे तेच नव्हेत. तिथे ओढूनताणून जुळवाजुळव केली, तर जुन्या साथींची तुलना कायमची बिघडते.

प्रश्न : आमच्या वस्तीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले. फवारणीसाठी अर्ज केला, तर संगणकाने आमचा भाग हिरवा दाखवलाय, गरज नाही, असं उत्तर मिळालं. यंत्राच्या शब्दावर माणसांचे जीव सोपवायचे का?

उत्तर : नाही. तुम्ही विचारलंत ते योग्यच केलंत. आता तो हिरवा रंग कशातून आला, तेही विचारा.

मी एकदा अशाच हिरव्या रंगावर विसंबून निर्णय दिला होता. १२० घरांची वस्ती. घर निर्देशांक, म्हणजे पाहिलेल्या शंभर घरांमागे अळ्या सापडलेली घरं, ३.३ निघाला, आमची धोक्याची रेघ ५ ची होती, म्हणून मी तिथलं पथक दुसरीकडे हलवलं. पंधरवड्याने तिथून रुग्ण येऊ लागले, तेव्हा मी मूळ कागद काढले. पेन्सिलीने भरलेले, घामाने थोडे पुसट झालेले. ओळीमागून ओळ ‘कु’, ‘कु’, ‘कु’. म्हणजे कुलूप. १२० पैकी ७८ घरं बंद होती. पथकाने पाहिली ४२, त्यातल्या चार घरांत अळ्या. चार भागिले ४२ म्हणजे साडेनऊ टक्के. संगणकात भरताना ‘कु’साठी पर्याय नव्हता, म्हणून रकाना रिकामा राहिला, आणि रिकाम्याचा शून्य झाला. ‘अळ्या नाहीत’ आणि ‘पाहिलंच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रणालीला कुणी शिकवलंच नव्हतं. ते शिकवणं माझं काम होतं.

तेव्हापासून मी बंद घरांचा आकडा आधी बघते.

दुसरी गोष्ट पत्त्याची. एडीस डास मुख्यतः दिवसा चावतो. डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात, आणि रुग्णाच्या नोंदीत पत्ता असतो तो रात्री झोपण्याच्या जागेचा. तुमचे दोघे रुग्ण एकाच शाळेत, कारखान्यात किंवा बांधकामावर जात असतील, तर खरी डासोत्पत्ती तिथे असू शकते. हिवतापाचा ॲनोफिलीस रात्री चावतो, त्यामुळे तिथे घरचा पत्ता बराच उपयोगी पडतो. चांगल्या प्रणालीत ‘राहण्याची जागा’, ‘दिवसा असण्याची जागा’ आणि ‘नमुना घेतल्याची जागा’ वेगवेगळ्या असतात, आणि डेंग्यूची नोंद आली की ती दिवसाची जागा आपणहून विचारते. कारण कोणता रोग कोणत्या डासामुळे आणि तो डास केव्हा चावतो, हे नातं तिच्यात लिहिलेलं असतं.

म्हणून विभागाकडे जाऊन एवढं विचारा : सर्वेक्षण कोणत्या तारखेचं, किती घरं उघडून पाहिली, आणि रुग्णांचा कोणता पत्ता धरला. उत्तरं समाधानकारक असतील, तर हिरवा रंग मान्य करा. नसतील, तर लेखी आक्षेप द्या. निर्णयाची कारणं दाखवता न येणारी प्रणाली वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती साहाय्य करणारी आहे, सही माणसाची असते.

फवारणीबद्दल मात्र तुमच्या मनासारखं उत्तर मी देणार नाही. धूर त्या वेळी हवेत उडणाऱ्या डासांपुरता. पाण्यातल्या अळ्या आणि कोष तसेच राहतात, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी तर कोरडी असताना कित्येक महिने टिकतात. पाणी चढलं की फुटतात. अर्जात फवारणीऐवजी बंद घरांचं फेरसर्वेक्षण मागा. भांडी नुसती रिकामी करू नका, आतून घासायला सांगा.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. या विषयात प्रकल्प करायचा आहे. कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

उत्तर : प्रोटेजे शिका, ऑन्टॉलॉजी तयार करण्याचं सॉफ्टवेअर. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं आहे, मोफत मिळतं. पण ते महिन्याभराने उघडलंत तरी चालेल.

आधी सर्वेक्षण पथकाबरोबर दोन दिवस फिरा. टॉर्च घ्या, पांढरी ताटली घ्या. पिंपातलं पाणी ताटलीत ओतल्यावर अळी कशी निसटते, पथकातला माणूस ती बघून काय म्हणतो आणि कागदावर काय लिहितो, या तिन्ही गोष्टी टिपा. त्या तिघांत जिथे फरक पडतो, तिथे तुमचा प्रकल्प आहे. मग विभागाला उत्तर हवं आहे असे दहा प्रश्न लिहून काढा. ‘गेल्या १४ दिवसांत कोणत्या भागात निम्म्याहून जास्त घरं बंद होती?’ अशा नेमकेपणाचे. त्या दहा प्रश्नांना लागतील तेवढ्याच कल्पना घ्या, तीस-चाळीस पुरतात. अख्खं डासशास्त्र संगणकात घालण्याचा मोह सुरुवातीला सगळ्यांनाच होतो, आणि तसले प्रकल्प अर्धवट सुटलेले मी पाहिले आहेत.

प्रत्येक कल्पनेची व्याख्या मराठीतही लिहा आणि ती पथकातल्या माणसाला वाचून दाखवा. तो ‘हो, असंच’ म्हणाला, की पुढच्या शब्दाकडे वळा. पहिला शब्द म्हणून ‘बंद घर’ घ्या.