पिऊन बोलले म्हणून सोडून देऊ नका

ताई, तुमचे मिस्टर रात्री पिऊन बसले की "मी गेलो तर तुम्ही सगळे सुटाल" म्हणतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही, आणि सासूबाई व्हिडिओ कॉलवर सांगतात की ती दारू बोलतेय, लक्ष देऊ नकोस. हे मला अजिबात पटत नाही. दारूने निराशा वाढते आणि स्वतःला आवरायची ताकद जाते, शुद्धीत दाबून ठेवलेला विचार तेव्हाच हातून घडू शकतो, म्हणून पिऊन बोललेलं उलट जास्त मनावर घ्यायचं. त्यात जॉब गेलाय, एच-वन-बी व्हिसावाल्यांना जॉब गेल्यावर अमेरिकेत राहायला मिळणारे ते ६० दिवस संपत आलेत, आणि महाराष्ट्र मंडळात कळेल म्हणून तुम्ही दोघंही गप्प.

उद्या सकाळी मुलं शाळेत गेली की सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का रे तुला?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसंच वाटतं. हो म्हणाले तर रडारड नको, मुलांची शपथ तर नकोच, एकटं सोडू नका आणि ९८८ ला, म्हणजे अमेरिकेतल्या आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनला, फोन किंवा टेक्स्ट करा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, तुम्ही स्वतःही करू शकता, फोनवर दुभाषी मागता येतो. (कॅनडातही हाच नंबर, ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४.) जीवाला लगेच धोका वाटला तर ९११. घरातल्या जास्तीच्या गोळ्या आजच कुलपात, बंदूक असेल तर ती घराबाहेरच गेलेली बरी.

आणि प्लीज, रागाने बाटल्या ओतून "आजपासून बंद" करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम थांबली तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवावर बेतू शकतं, हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. सुटल्यावरही निर्धास्त होऊ नका, रिहॅबमधून घरी आल्यानंतरचे आठवडे फार नाजूक असतात, परत एकदा प्याले की स्वतःचीच लाज वाटते आणि तेव्हाच सोबत लागते.

सासूबाईंना टेली-मानसचा, म्हणजे भारत सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६ द्या, भारतातून लागतो, मराठीत बोलतात, त्यांनाही कुणीतरी नीट समजावून सांगायला हवंय. तुमच्यासाठी अल-अनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा ग्रुप, ऑनलाइन मीटिंगा असतात, मिस्टर तयार नसले तरी तुम्ही जा.