जुन्या मानसिक धक्क्यामुळे म्हातारपणी डिमेन्शिया होतो का?

तुमच्या वडिलांनी ट्रकचा अपघात डोळ्यांसमोर पाहिला, पुढे कित्येक वर्षं झोपेत दचकत राहिले आणि आता विसरायला लागलेत. या दोन्हींचा संबंध आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. इथे कोणीतरी 'साठी बुद्धी नाठी, वयानुसार होतंच' म्हणून मोकळं झालंय, ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य आमच्या घरी ऐकून कान किटले.

आम्ही नरखेड तालुक्यातले, मोवाडचे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी गावात शिरली, २०४ माणसं गेली. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तेव्हा चाळिशीत. घरचं कोणी गेलं नाही म्हणून लोक त्यांना नशीबवान म्हणत. पण पाणी उतरल्यावर चिखलातून मढी काढायला ते होते. सगळी ओळखीची माणसं. त्यावर ते कधी अक्षर बोलले नाहीत. मृग लागला की मात्र खाट गच्चीवर, ज्वारीची पोती आणि सातबाऱ्याचे कागद माळ्यावर, रात्रभर डोळे उघडे. पावसाळाभर मोठी आई घरात भांडं वाजू द्यायची नाही, इतके ते दचकत आणि मग भडकत. नदीकडची संत्र्याची बाग त्यांनी पडत्या भावात विकून टाकली. नागपूरला दाखवू म्हटलं की, "पागलखान्यात टाकता का मले?" आणि विषय बंद. इतर दुखण्यांसाठी नागपूर कधी लांब वाटलं नाही.

सत्तरीनंतर विसरणं सुरू झालं. आधी मजुरी दिली की नाही, मग नातवांची नावं, मग बाजारातून घरचा रस्ता. पूर तेवढा राहिला. शेतीची लाईन रात्रीची, शेजारचा मोटर लावायचा. दांडात पाणी पडल्याचा आवाज आला की हे उठून दारं बडवत, "उठा रे, पानी आलं! लेकरं वर घ्या!" माझा चुलतभाऊ म्हणायचा, "सोंग करून राह्यले. कालचं आठवत नाही अन् तवाचं बरं आठवते!" अरे, डिमेन्शियात, म्हणजे या विसरण्याच्या आजारात, तसंच होतं. ताजं आधी जातं, जुनं बरंच उशिरा.

आकडे हवे असतील तर, अमेरिकेत पंचावन्न वर्षांवरच्या १,८१,०९३ माजी सैनिकांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सात वर्षांत पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असलेल्यांपैकी १०.६ टक्क्यांना डिमेन्शिया झाला, नसलेल्यांपैकी ६.६ टक्क्यांना. २०२० मध्ये असे १३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही धोका वाढलेलाच दिसला. वर्षानुवर्षं तुटलेली झोप, सतत चढलेले ताणाचे हार्मोन, सोबतीला उदासी किंवा दारू, अशी कारणं सांगितली जातात. आणि 'त्या काळी असा आजारच नव्हता' हे तर बोलूच नका. १९८० पासून पीटीएसडी अमेरिकन मानसोपचाराच्या वर्गीकरणात आहे.

वडिलांना न्याल तेव्हा डॉक्टरांना विसरण्यासोबत अपघाताचंही सांगा, ते स्वतः सांगणार नाहीत. बी१२, थायरॉइड आणि कान तपासून घ्या, कारण यांच्यामुळेही माणूस विसराळू वाटतो आणि ते सुधारतं. मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणू नका, म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ त्यानं वाढतो. जवळ कोणी डॉक्टर नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. रात्री घाबरून उठले तर 'असं काही नाहीये' म्हणून वाद घालू नका. लाईट लावा, हात धरा.

हो, एक राहिलं. वरचे आकडे उलटे वाचा, धक्का बसलेल्या बहुतेकांना त्या सात वर्षांत डिमेन्शिया झाला नाही. कधी डिमेन्शियाच आधी सुरू होतो आणि दाबलेल्या आठवणी त्यामुळे वर येतात, तेही तपासावं लागतं. आणि वेळेत उपचार केले असते तर मोठ्या बाबांचा डिमेन्शिया टळलाच असता, असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. पण पावसाळ्यात झोप तरी लागली असती.

चुलतभावाचा खरा राग बागेचा आहे, हे सगळ्या भावकीला माहीत आहे. बाग मोठ्या बाबांच्या हेकेखोरपणानं नाही, आजारानं गेली. वाटणीच्या बैठकीत मी हे बोललो तेव्हा मलाच गप्प बसवलं होतं.