परदेशात कायमचं कामाला जाताना पॉवर टूल्स सोबत न्यावीत की विकून टाकावीत?

तुमचा प्रश्न असा आहे की सुतारकाम आणि फिटिंग करता, दुसऱ्या देशात कायमचं जायचं नक्की झालंय, वायरवाली आणि बॅटरीवाली मिळून बरीच मशिनं जमलीयत, ती न्यायची की मिळेल त्या भावाला विकायची. कुठला देश ते तुम्ही लिहिलं नाही आणि अर्धं उत्तर तिथेच अडकलंय, पण मी याच धंद्यातला आहे आणि हत्यारांसकट देश बदललाय, त्यामुळे कुठेही गेलात तरी लागू पडेल तेवढं सांगतो. माझं मत सरळ आहे. हाताची हत्यारं सगळी न्या, बॅटरीवाली मशिनं न्या पण चार्जर तिकडे घ्या, आणि वायरवाल्यांमधली फक्त तीच न्या ज्यांच्या नेमप्लेटवरचे आकडे तिथल्या लाइनशी जुळतात. बाकीची विका, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात नाही तर आधीच विका, घाई दिसली की गिऱ्हाईक भाव पाडतं.

आधी नेमप्लेट. प्रत्येक मशिन उलटं करून व्होल्ट, हर्ट्झ आणि वॅट एका वहीत उतरवा. युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे घरगुती लाइन २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, जपानमध्ये १०० व्होल्ट आणि तिथे तर पूर्वेकडे ५० हर्ट्झ, पश्चिमेकडे ६०. आखाती देशांत बहुतेक २२० ते २४० आहे पण सौदीत ६० हर्ट्झ. २३० कडून २३० कडे जात असाल तर प्रश्न फक्त प्लगचा, तो कापून तिथला बसवून घ्यायचा, आणि साइटवर वापरणार असाल तर तिथल्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या कारण बऱ्याच ठिकाणी साइटवरच्या वायरवाल्या मशिनची ठराविक मुदतीने तपासणी होते, ऑस्ट्रेलियात तर तपासलेल्या वायरला तारखेचा टॅग लावतात आणि टॅग नसला की सुपरवायझर मशिन बाजूला ठेवायला लावतो.

खरी भानगड व्होल्टेज बदलतं तिथे. १२० चं मशिन २३० ला लावलं तर आर्मेचर, म्हणजे मोटारीतला फिरणारा भाग, जळायला वेळ लागत नाही, ते सगळ्यांना कळतं. उलटं केलं, म्हणजे २३० चा ग्राइंडर १२० वर, तर तो फिरतो, आणि लोक तिथेच फसतात की अरे चालतंय की. चालत काही नाही, निम्म्या व्होल्टला ताकद साधारण पाव राहते, लोखंडावर टेकवला की दम तोडतो, आणि स्पीड कंट्रोलवाला असेल तर कदाचित सुरूच होणार नाही. मग कोणीतरी ट्रान्सफॉर्मर सुचवतो. २००० वॅटचं मशिन चालवायला सुरुवातीचा झटका धरून ३००० च्या आसपासचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो नुसता लोखंड-तांब्याचा ठोकळा, रोज गाडीतून चढव-उतार करायचा आणि शिडीवर काम असेल तर खालून वायर ओढत बसायचं. शिवाय अमेरिकेतल्या साध्या १५ अँपिअरच्या सर्किटमधून मुळात १८०० वॅटच्या वर मिळतच नाही, म्हणजे तुमचा मोठा ९ इंची ग्राइंडर ट्रान्सफॉर्मर असूनही ट्रिप मारणार.

आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. कार्बन ब्रश असलेल्या मोटारी, म्हणजे ड्रिल, ग्राइंडर, सर्क्युलर सॉ, राउटर, यांना हर्ट्झचा फारसा फरक पडत नाही. पण कार्बन नसलेल्या इंडक्शन मोटारी, जशा जड टेबल सॉ, बँड सॉ, बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये असतात, त्यांचा वेगच हर्ट्झवर ठरतो, चार पोलची (चुंबकी टोकांची) मोटार ५० वर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जवळ आणि ६० वर १८०० च्या जवळ फिरते. ६० वाली ५० वर लावली तर हळू तर फिरतेच, वर तापते. असली मशिनं जड पण असतात, ती विकाच, यावर फार विचार करू नका.

ब्रिटनचं एक वेगळं प्रकरण. घरात २३० पण बांधकाम साइटवर पिवळा ट्रान्सफॉर्मर आणि ११० व्होल्टची मशिनं, त्यात दोन्ही तारा जमिनीच्या हिशोबाने ५५-५५ व्होल्टवर असतात म्हणजे शॉक बसला तरी कमी बसतो. तुमचं २३० चं ड्रिल घरगुती कामाला चालेल पण मोठ्या साइटवर गेटवरच अडवतील. बॅटरीवाल्याला कोणी विचारत नाही, म्हणून तिकडे सगळे बॅटरीकडे वळलेत.

आता बॅटरी. बॅटरीवाल्या मशिनला देशाचं व्होल्टेज माहीतच नसतं, ते फक्त चार्जरला माहीत असतं. त्यामुळे नुसती मशिनं, चार्जर न घेता, बिनधास्त न्या. चार्जरवर बघा, २२०-२४० लिहिलं असेल तर १२० च्या देशात त्याचा उपयोग नाही, १००-२४० लिहिलेले चार्जर टूल कंपन्यांत कमीच दिसतात. तिथे पोचल्यावर त्याच कंपनीचा एक चार्जर आणि दोन बॅटऱ्यांचा सेट घेतला की सगळी मशिनं जिवंत. नावांवर जाऊ नका मात्र. डिवॉल्टची अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकली जाणारी बॅटरी आणि युरोप-ऑस्ट्रेलियातली १८ व्होल्ट ही आतून एकच, पाच सेल एका रांगेत, फुल चार्जला २० आणि एरवी १८, छापायची पद्धत वेगळी. हिताची कोकीची मशिनं २०१८ पासून हायकोकी नावाने येतात आणि उत्तर अमेरिकेत मेटाबो एचपीटी नावाने, तर दुकानात जुनं नाव शोधत फिरू नका. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी मालिकेतली सरकती बॅटरी सगळीकडे तीच बसते.

बॅटऱ्या विमानाने न्यायच्या असतील तर हिशोब वॅट-अवरचा असतो, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट ५ अँपिअरची झाली ९० वॅट-अवर, १०० च्या आत, ती हातातल्या बॅगेतून जाते. ६ अँपिअरची १०८ होते, १०० ते १६० च्या मधल्या सुट्या बॅटऱ्या एअरलाइनची आधी परवानगी घेऊन जास्तीत जास्त दोन. ९ अँपिअरची १६२, ती संपली, प्रवाशासोबत जातच नाही. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत कधीच टाकायची नाही, टोकांवर टेप किंवा प्लॅस्टिकची टोपी लावून हातातल्या बॅगेतच. लेबल घासून गेलेलं असेल आणि आकडा वाचता येत नसेल तर सिक्युरिटीवाला काढून ठेवतो आणि त्याच्याशी वाद घालून काही होत नाही. मशिन स्वतः चेक-इनमध्ये टाका, पटाश्या, ब्लेड, बिटं पण तिकडेच, बॅग हाताळणाऱ्याचा हात कापणार नाही अशी गुंडाळून.

कार्गोने सुट्या बॅटऱ्या पाठवू असं वाटत असेल तर प्रवासी विमानातून कार्गो म्हणून त्या २०१६ पासून बंद आहेत, फक्त मालवाहू विमानातून आणि चार्ज ३० टक्क्यांच्या आत ठेवून. जहाजाने पण धोकादायक माल म्हणूनच मोजतात, कागदपत्रं लागतात आणि घरसामान हलवणाऱ्या बऱ्याच कंपन्या नकोच म्हणतात. लपवून कंटेनरमध्ये टाकू नका, आग लागली तर इन्शुरन्स हात वर करेल. गॅसवर चालणाऱ्या नेलगनचे गॅसचे डबे, काँक्रीटमध्ये खिळा ठोकणाऱ्या बंदुकीची काडतुसं, थिनर, स्प्रे, फोम, हे काहीच विमानात जात नाही. पेट्रोलची चेनसॉ पण शक्यतो विकाच, टाकी रिकामी करून धुतली तरी वास राहतो आणि वासावरून अडते.

मापांचा गोंधळ कोणी सांगत नाही म्हणून इथे जरा थांबतो. आशियात बऱ्याच ठिकाणी चालणारा १०० एमएमचा छोटा ग्राइंडर १६ एमएम भोकाची चकती घेतो. युरोपात ११५ किंवा १२५ एमएमचा ग्राइंडर, चकतीचं भोक २२ एमएम आणि स्पिंडलला, म्हणजे चकती बसते त्या दांड्याला, एम १४ (१४ एमएम) चे आटे. अमेरिकेत साडेचार इंची, भोक जवळपास तेवढंच, पण आटे ५/८ इंची, म्हणजे साधी चकती बसेल पण थेट आट्यांवर चढणारा वायर ब्रश किंवा डायमंड कप बसणार नाही. सर्क्युलर सॉचं तसंच, अमेरिकेत सव्वासात इंची ब्लेड आणि ५/८ इंची भोक, युरोपात १९० एमएम ब्लेड आणि बहुतेक ३० एमएम भोक. राउटरमध्ये तर धोका आहे, अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, त्या कोलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीत, १२ एमएम दांडीचं बिट घालून कचकचून आवळलं की धरल्यासारखं वाटतं आणि मिनिटाला वीस हजार फेऱ्यांवर बाहेर येतं. तुमच्याकडे चांगली बिटं असतील तर ती न्या आणि त्या मापाचं कोलेट शोधून सोबत ठेवा. काँक्रीट फोडायच्या हॅमर ड्रिलची एसडीएस प्लस बिटं मात्र जगात सगळीकडे एकच, ती डोळे झाकून न्या, वजनाला कमी आणि किमतीला भारी.

कस्टम्सला घाबरायचं कारण नाही पण यादी नीट हवी. कायमचं राहायला येणाऱ्याच्या वापरलेल्या सामानाला बहुतेक देश ड्युटी माफ करतात, मुख्य अट ही की सामान खरंच तुमचं आणि वापरलेलं हवं. युरोपियन युनियनमध्ये निदान ६ महिने वापरलेलं हवं आणि आल्यावर १२ महिने विकता किंवा भाड्याने देता येत नाही, ऑस्ट्रेलियात १२ महिने वापरलेलं लागतं, ब्रिटनमध्ये सामान निघायच्या आधी अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते, कॅनडात सोबतचं आणि मागून येणारं अशा दोन याद्या पहिल्यांदा उतरताना द्यायच्या. पण काही देश धंद्याची अवजारं वेगळी मोजतात, अमेरिकेत स्थलांतर करणाऱ्याच्या वापरलेल्या कामाच्या हत्यारांना स्वतंत्र सूट आहे, सगळीकडे तशी नाही, तेव्हा त्या देशाच्या कस्टम्सच्या पानावर धंद्याच्या हत्यारांबद्दल काय लिहिलंय ते वाचाच. यादीत कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, घेतल्याचं वर्ष, आत्ताची किंमत. निघायच्या आधी स्वस्त पडलं म्हणून सीलबंद खोक्यात नवीन मशिनं घेऊन ठेवू नका, सीलबंद खोकं म्हणजे त्यांच्या नजरेत विकायचा माल.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर एक पूर्ण दिवस साफसफाईला ठेवा. तिथे माती, झाडपाला, लाकडाचा भुसा यावर जैवसुरक्षावाले बसलेले असतात. सर्क्युलर सॉचं गार्ड उघडा, आत भुशाचा कोपऱ्यात दाबून बसलेला थर दिसेल, डिंकाने चिकटून लाकडासारखाच कडक झालेला, तो हवा मारून निघत नाही, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून मग ब्रश. रंध्याच्या भुसा पडायच्या तोंडात, सँडरच्या पिशवीत, मोटारीच्या जाळ्यांत, टूलबॉक्सच्या चाकांत पण बघा. पिशवी धुण्यापेक्षा टाकून द्या. तिथे सापडलं तर साफ करायचा खर्च तुमच्याच माथी, आणि सामान अडकतं ते वेगळं. लाकडी पेटीत भरणार असाल तर पेटीवर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा, म्हणजे बहुतेक वेळा लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं, त्यामुळे उरलेल्या फळ्या ठोकून घरी पेटी बनवायचा मोह आपल्या लोकांना होतोच तो आवरा.

पाठवायचं कसं, तर हत्यारं म्हणजे लहान जागेत भरपूर वजन. विमान कार्गो वजनाचे पैसे घेतो म्हणून महाग पडतो, जहाजात अर्धवट कंटेनरचा हिशोब घनमीटरवर असतो म्हणून तिथे आपल्यासारख्यांचा फायदा. फक्त समुद्रावर दमट हवेत आठवडेच्या आठवडे जातात, तर रंध्याचं पातं, पटाश्या, टेबलाचा लोखंडी पृष्ठभाग यांना तेल किंवा मेण लावून गंज रोखणाऱ्या कागदात गुंडाळा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका.

शेवटचं, नव्या मालकाला आधीच विचारून घ्या की मशिनं कंपनी देते की स्वतःची आणायची. बऱ्याच ठिकाणी हाताची हत्यारं तुमची आणि मोठी मशिनं कंपनीची अशी रीत असते, मग तुमची अर्धी यादी तिथेच गळते. रंधे, पटाश्या, गुण्या, हाताला बसलेली करवत, खुणा करायची हत्यारं, यांचा सेट पहिल्या दिवशी चेक-इन बॅगेत तुमच्यासोबत असू द्या, जहाजातलं सामान मागून येईल तोवर कामावर उभं राहता येतं. इंचांच्या देशात जात असाल तर टेप तिथेच घ्या. आणि इलेक्ट्रिक किंवा गॅस-प्लंबिंगचं काम करणार असाल तर बऱ्याच देशांत स्थानिक लायसन्सशिवाय हात लावता येत नाही, ते मिळायला वेळ लागणार असेल तर त्या कामाची महागडी टेस्टिंग मशिनं आत्ता वाहून नेऊ नका. देश कोणता ते खाली लिहा, यादी टाका, कुठलं न्यायचं कुठलं नाही ते एकेक करून सांगतो.