'खुळा नाद' आणि 'नाद खुळा'

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा शिकायला कोल्हापुरात असतो. सुट्टीत घरी आला की आमटीपासून क्रिकेटच्या मॅचपर्यंत सगळ्याला 'नाद खुळा' म्हणतो. नाद म्हणजे वाईट सवय, खुळा म्हणजे वेडा. मग ही स्तुती कशी? आणि हे बोलणं वावगं तर नाही ना?

ताई, सगळी गंमत शब्दांच्या क्रमात आहे. पत्त्यांत रमलेल्या पोराला आपण 'हा खुळा नाद सोड' म्हणून दरडावतो. तिथे 'खुळा' हे साधं विशेषण. 'नाद खुळा' म्हणताना आधी नाद पुढ्यात ठेवायचा आणि मग त्याच्यावर शेरा मारायचा. क्रियापद गाळलेलं. 'विषय हार्ड', 'काटा किर्र' या तिकडच्याच वाहवांची ठेवणही तीच. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये आपल्या तालीम संघाचा गोल झाला की ओरडायला याहून लांब वाक्य कोण शोधत बसणार?

आता 'नाद'. संस्कृतात तो आवाज. मराठीत मात्र त्याला गुंगण्याचा अर्थ चिकटला. 'बोलण्याच्या नादात दूध उतू गेलं' म्हणतो तेव्हा त्यात आवाज नाही की वाईट सवय नाही, फक्त भान हरपणं आहे. कोल्हापूर-सांगलीकडे कुस्तीचा नाद, शर्यतीच्या बैलांचा नाद माणूस छाती पुढे काढून सांगतो. ज्या नादाची लाज नाही, त्याच्या खुळेपणाचंही कौतुकच होणार, असं मला मनापासून वाटतं.

'आमचा नाद करायचा नाय' ही मात्र तंबी. तिथे नाद म्हणजे वाटेला जाणं, 'नादी लागू नकोस'च्या जवळचं. त्यातल्या 'नाय'चं 'नाही' केलंत तर सगळा दम गेला.

माझ्या वसतिगृहाच्या खोलीत नागपूरचा एक मित्र होता. सांगलीच्या मित्राने घरून आणलेल्या भडंगाचा बकाणा भरून तो म्हणाला, "नाद खुळा बे!" सांगलीकराने लगेच दुरुस्त केलं, "बे नाय, भावा म्हण." वर्ष सरेपर्यंत सांगलीकरच 'बे' म्हणायला लागला होता.

तेव्हा काळजी करू नका. यात शिवी नाही, आजीसमोरही खुशाल चालेल. फक्त मराठीच्या पेपरात लिहू नको म्हणावं.