महामारीत कुटुंबांचा सर्व्हे फोनवर घेतला तर तो डेटा मागच्या राऊंडशी, म्हणजे त्याच कुटुंबांच्या आधीच्या फेरीशी, जुळवता येतो का?

थोडा येतो, सगळा नाही. वजन-उंची तर अजिबात नाही. लोक तोंडी वजन कमी सांगतात आणि उंची जास्त, त्यामुळे फोनवर ऐकलेला आकडा मागच्या राऊंडच्या मोजलेल्या आकड्याशेजारी ठेवून आलेख काढलात तर घरादाराची तब्येत सुधारलेली दिसेल.

मी २०२० मध्ये अशाच एका अभ्यासात फील्डला होते, ८ वर्षं तीच कुटुंबं. फील्ड बंद झालं आणि ऑफिसातून शीट आली, रोज २५ कॉल, तीनदा उचलला नाही की 'नकार' कोड टाकायचा आणि पुढचं घर. ज्याने ही शीट केली त्याने आयुष्यात एक दार वाजवलं नसेल.

एका घरी फोन लावला, सुनेने उचलला. टॅबवर मागच्या राऊंडची सदस्य-यादी आधीच भरलेली, मी आपली एकेक नाव वाचत गेले, तिसऱ्या नंबरला सासूबाई, शुगरच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं. पलीकडे काहीच नाही. मग म्हणाली, "ताई, त्या गेल्या. अकरा दिवस झाले." आणि ॲप असं की मृत्यू नोंदवला की लगेच तारीख, कारण, घरी की दवाखान्यात, हे भरल्याशिवाय पुढे सरकतच नाही. मी टॅब पालथा ठेवला. पाऊण तास ती बोलत होती, मी हं हं करत होते, तिला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. त्या दिवशी माझे कॉल झाले ४.

संध्याकाळी सुपरव्हायझर म्हणाले, आपण समुपदेशक नाही, नकार टाका आणि संपवा. मी 'नंतर संपर्क' टाकलं. यावरून आमचं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं साधं होतं, एक राऊंड अर्धा राहिला तर चालतो, घर तुटलं की पुढचे सगळे राऊंड जातात. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन अभ्यासात १९७२-७३ सालची १०३७ बाळं होती, ती ४५ वर्षांची झाली तेव्हा हयात असलेल्या ९९७ पैकी ९३८ जण तपासणीला आले, लांब राहणाऱ्यांचा प्रवासखर्चही अभ्यासच करतो. रोज २५ कॉलच्या शीटवर हे होत नसतं हो.

पुढच्या वर्षी मी त्या घरी गेले तर सुनेने सगळ्यांची मापं घेऊ दिली, रक्तही दिलं. मुलगा मात्र नाहीच म्हणाला, तो आधीपासूनच तसा.

बरं, तुमचा प्रश्न. फोन कुणी उचलला आणि उत्तरं कुणाबद्दल दिली हे वेगळं नोंदवा, आणि राऊंड फोनवर झाला की समोरासमोर याचाही एक रकाना ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी कुणालाच आठवणार नाही. फोन बहुतेक घरांत स्पीकरवर असतो हे धरून चाला, म्हणून घरातल्या भांडणांचे, मन उदास असण्याचे प्रश्न असे करा की समोरच्याला नुसतं हो-नाही म्हणता येईल, आणि तरी आवाज अडखळला तर तो प्रश्न सोडा. ज्यांचे फोन लागलेच नाहीत ते बाकीच्यांसारखेच असतील असं मात्र समजू नका, ज्यांचं काम गेलं, घर बदललं, आजारपण आलं, नेमके तेच आधी गळतात. संख्याशास्त्रवाले वेटिंग करून, म्हणजे गळालेल्यांसारखे जे सापडले त्यांच्या उत्तरांना हिशोबात जास्त वजन देऊन, काही प्रमाणात सावरतात म्हणे, मी त्यातली नाही. आणि हेही खरं की काही बायका समोर कधी बोलल्या नव्हत्या तेवढं फोनवर बोलल्या, गच्चीत जाऊन.

सदस्य-यादी वाचण्याआधी "घरी सगळे कसे आहेत" एवढं विचारा. आमच्या फॉर्ममध्ये ते कधीच नव्हतं, मी दोनदा लेखी सुचवलं होतं.