फ्लोरिडात शफलबोर्डचे क्लब आणि नियम कसे आले?

शफलबोर्ड म्हणजे लांब काठीने चकत्या ढकलून कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला आखलेल्या त्रिकोणी खणांत पोचवायच्या आणि गुण मिळवायचे. मुळात हा जहाजाच्या डेकवरचा खेळ. 1913 च्या सुमारास फ्लोरिडातल्या डेटोना इथे तो जमिनीवर आला. पण कोर्टाची मापं आणि गुणांची पद्धत जागोजागी वेगळी, मग स्पर्धा घेणार कशा? खरी घडी बसली ती फ्लोरिडातल्याच सेंट पीटर्सबर्गात. 1924 मध्ये तिथे मिरर लेकशेजारी क्लब निघाला आणि 1931 मध्ये त्याच शहरात राष्ट्रीय संघटना झाली.

कोर्ट 52 फूट लांब, 6 फूट रुंद. प्रत्येकी 4 चकत्या, एकाच्या पिवळ्या, दुसऱ्याच्या काळ्या; व्यास 6 इंच. त्रिकोणाच्या टोकाला 10, मग 8, मग 7 गुण आणि तळाशी उणे 10 चा खण, ज्याला खेळाडू ‘किचन’ म्हणतात. चकती रेषेला टेकली की गुण नाही. नवखे इथेच फसतात. मुरलेले खेळाडू तर गुण मिळवण्याआधी समोरच्याची चकती किचनमध्ये ढकलायला बघतात.

खेळणाऱ्यांत भरणा होता तो हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या निवृत्त मंडळींचा. ती पिढी सरली तशी कोर्टं ओस पडली. 2005 च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गच्या क्लबने शुक्रवारी रात्री सगळ्यांना फुकट खेळू द्यायला सुरुवात केली, तेव्हा तरुण वळले.