‘आधी स्वतःला सुधारू, की आधी निघू?’

प्रश्न : आदरणीय ताई, मी चोवीस वर्षांची आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळा झाली, अभियांत्रिकीसाठी पुण्यात आले आणि आता हिंजवडीत नोकरी करते. कार्यालयात नव्या मुलींना काम शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. महाविद्यालयातल्याच एका मुलाबरोबर मी गेले दीड वर्ष वाकडला राहते. घरमालकाला आम्ही नवराबायको असल्याचे सांगितले असून भाडेकरारावर दोघांची नावे आहेत. आईवडिलांना मात्र मी मैत्रिणींबरोबर राहते असे वाटते. सुरुवातीला तो फार जपत असे. आता माझे कपडे, माझा स्वयंपाक, सगळ्यालाच तो नावे ठेवतो. त्याच्या मित्रांसमोर माझ्या गावाकडच्या ‘काय करलालास’ची नक्कल करून हसतो. पगार जमा झाला की तो स्वतःच्या खात्यात वळता करून घेतो आणि रिक्षाचे पैसेसुद्धा मला मागावे लागतात. त्याने अनेकदा हात उचलला आहे आणि मागच्या महिन्यात गळा धरला. नंतर रडला, पाया पडला, आठवडाभर सकाळचा चहा करून देत होता. ‘तुझ्यासारखीला दुसरे कोण विचारणार’ हे त्याचे ठरलेले वाक्य आहे आणि आता मलाही ते खरे वाटू लागले आहे. सोडून जाण्याचे नाव काढले की आमचे फोटो गावात पाठवीन असे म्हणतो. माझी मैत्रीण म्हणते, आधी आत्मविश्वास वाढव, मग काय तो निर्णय घे. मी रोज आरशासमोर उभी राहून चांगली वाक्ये म्हणते, पण त्याचा आवाज आला की सगळे विसरते. मी स्वतःत काय सुधारणा करू? त्याला समुपदेशकाकडे घेऊन जाऊ का?
एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचे मूळ पत्र याहून मोठे होते. छापताना आम्ही त्यातील माफीची वाक्ये गाळली आहेत, कारण ती फार होती : अक्षर वाईट असल्याबद्दल, आमचा वेळ घेतल्याबद्दल आणि ‘वाचून माझेच चुकते आहे असे तुम्हाला वाटेल’ याबद्दलही. तसे आम्हाला कोठेही वाटले नाही.

तुमच्या मैत्रिणीचा सल्ला मायेचा आहे, पण त्याचा क्रम उलटा आहे. ज्या घरात रोज संध्याकाळी तुमच्या चालण्या-बोलण्याचा निकाल लावला जातो, तेथे सकाळी आरशासमोर म्हटलेली वाक्ये टिकणार कशी? आधी आत्मविश्वास येईल आणि मग आपण निघू, अशी वाट पाहत राहिलात तर तो दिवस उगवणार नाही, कारण तो येऊ नये अशीच त्या घराची रोजची व्यवस्था आहे. निघण्यासाठी स्वतःबद्दल चांगले वाटणे ही अट नाही. घाबरलेल्या, गोंधळलेल्या आणि स्वतःला कमी समजणाऱ्या माणसालाही निघता येते. शिवाय तुम्ही एका ओळीत उरकलेली गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. नव्या मुलींना काम शिकवताना तुम्हाला शब्द सुचतात, चूक दाखवता येते आणि समोरची मुलगी ऐकतेही. म्हणजे कमीपणाची ही भावना तुमच्या स्वभावात नाही. ती एका पत्त्यावर, एका माणसाच्या सहवासात येते.

त्या आठवडाभराच्या चहाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी गुंतवणूक तेथे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये अनेक पीडित स्त्रियांच्या कथनांवरून हिंसेचे चक्र मांडले : ताण साचतो, मारहाण होते, मग पश्चात्ताप आणि लाडाचा काळ येतो आणि पुन्हा ताण साचू लागतो. प्रत्येक नाते या क्रमाने चालतेच असे नाही, पण तुमचे वर्णन त्याच्याशी बरेच जुळते. पुढे १९८१ मध्ये डॉनल्ड डटन आणि सुझन पेंटर या अभ्यासकांनी असे मांडले की, एकाच्या हाती सगळी सत्ता असेल आणि वाईट वागणुकीच्या मधूनमधून चांगली वागणूक मिळत असेल, तर पीडित व्यक्तीची ओढ कमी होण्याऐवजी घट्ट होते. म्हणून ‘एवढे होऊनही मला त्याची आठवण का येते’ या प्रश्नावरून स्वतःला मूर्ख ठरवू नका. घर सोडल्यावरही काही काळ ती येईल. ती आली म्हणून परत गेले पाहिजे असे मात्र नाही.

आता गळा धरल्याबद्दल. पत्रात तुम्ही ते इतर गोष्टींच्या ओघात लिहिले आहे, आम्हाला ते सर्वांत गंभीर वाटते. जोडीदाराने गळा दाबणे ही पुढे जिवावर बेतू शकेल अशा हिंसेची ठळक खूण मानली जाते आणि बाहेर वळ दिसत नसतानाही आत इजा झालेली असू शकते. आवाज बसला असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आजच शासकीय रुग्णालयात जा आणि काय घडले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे त्याची वैद्यकीय-कायदेशीर नोंद होईल. निघण्याचा बेत त्याला सांगू नका. ‘समोरासमोर बोलून सामोपचाराने निरोप घेते’ हा सभ्यपणा येथे धोक्याचा आहे, कारण हातची सत्ता जाते आहे असे दिसले की अशी माणसे अधिक हिंसक होतात. पदवीची प्रमाणपत्रे, आधार, पॅन आणि भाडेकराराची प्रत हळूहळू कार्यालयात नेऊन ठेवा. पुढचा पगार दुसऱ्या बँकेतल्या, केवळ तुमच्या खात्यात जमा व्हावा यासाठी मनुष्यबळ विभागाला अर्ज द्या, पण निघण्याच्या दिवसाशी त्याची वेळ जुळवून. पैसे अचानक थांबले तर त्याला संशय येईल. फोनवरचे पासवर्ड आणि लोकेशन निघाल्यावर बदला, तोवर महत्त्वाचे फोन मैत्रिणीच्या किंवा कार्यालयाच्या फोनवरून करा. तातडीच्या वेळी ११२, सल्ला व आसऱ्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि पीडित स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणारे ‘सखी’ वन स्टॉप केंद्र यांची मदत मिळते.

लग्न झालेले नाही म्हणून कायदा आपल्या बाजूने नसेल, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा ‘विवाहासारख्या’ नात्यातील स्त्रीलाही लागू होतो आणि त्यात मारहाणीबरोबरच मानहानी, शिवीगाळ आणि तुमचा पगार काढून घेण्यासारखा आर्थिक छळही येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०१३ च्या निकालांत अशा नात्याच्या कसोट्या सांगितल्या आहेत. किती काळ एकत्र राहिले, घर कसे चालवले, समाजात कोणत्या नात्याने वावरले, हे पाहिले जाते. घरमालकाला सांगितलेले नाते आणि करारावरची दोघांची नावे त्यामुळे उपयोगी पडतील, जरी आईवडिलांपासून हे नाते लपवलेले असल्याने दुसरी बाजू वाद घालू शकते. अर्ज या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांपुढे करता येतो आणि गरज असेल तर त्याचे म्हणणे ऐकण्याआधीच अंतरिम संरक्षण आदेश मिळू शकतो. त्या वादात न पडताही मारहाण आणि धमकी यांची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.

फोटोंची धमकी हे त्याचे हुकमी अस्त्र आहे. ते काढताना तुमची संमती होती, असे तो म्हणेल. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्पष्ट सांगते की, खासगी क्षणांचे चित्रण करायला संमती असली, तरी ते दुसऱ्याला दाखवायला नसेल, तर पसरवणे हा गुन्हाच आहे. धमकीचे संदेश पुसू नका. त्यांचे स्क्रीनशॉट मैत्रिणीकडे सुरक्षित ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

त्याला समुपदेशकाकडे न्यावे का? जोडीने जाऊ नका. शेजारी मारणारा माणूस बसलेला असताना तुम्ही मोकळेपणाने बोलणार नाही आणि बोललात तर त्याची किंमत घरी मोजाल. त्याला बदलायचे असेल तर त्याने एकट्याने जावे. तुमचे त्याच्यासाठी थांबणे हा त्या उपचाराचा भाग नाही. तुम्हाला स्वतःला बोलावेसे वाटले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

राहता राहिला घरचा प्रश्न. त्यावर तुम्ही काहीच विचारलेले नाही, पण पत्रभर तोच दडलेला आहे. आईला सगळी हकीकत पहिल्याच फोनवर सांगण्याची गरज नाही. ‘मला मारहाण होते आहे, मी घरी येऊ का’ एवढे वाक्य पुरे. कोणाबरोबर आणि कधीपासून राहत होते, हा विषय तुम्ही सुरक्षित जागी पोहोचल्यावर निघू शकतो, आणि तेव्हा त्या रागावल्या तरी तो राग ऐकून घेता येईल. आईशी थेट बोलणे जमत नसेल, तर नात्यातली एखादी मावशी, आत्या किंवा चुलत बहीण आठवून पाहा, जी आधी तिकीट काढून देईल आणि मग प्रश्न विचारेल. तिला उद्या दुपारच्या सुट्टीत, कार्यालयातून फोन करा.